कोमाद्रेचं अर्धं वाक्य

सान रोके, ४ सप्टेंबर १९८८

कोमाद्रे दोमितिला,

माराकाइबोत उकाडा फार, असं ऐकतो. तुमच्या बहिणीच्या घरी पंखा आहे का? नसला तर परत या. असला तरी परत या.

गावात मी सगळ्यांना सांगितलंय, की माझ्या पुस्तकाच्या बारशाच्या दिवशी तुम्हाला चक्कर आली. सभागृहात गर्दी होती, गुलाबाच्या पाकळ्यांचा वास कोंडला होता, आणि तुमचं वय सदुसष्ट. लोकांना पटलं. निदान ते मान तरी डोलावतात. तेव्हा परत यायला तुम्हाला कसलाही संकोच नको, मी वाट मोकळी करून ठेवली आहे.

बारसं तसं उत्तम झालं. तुम्ही निघून गेल्यावर पुस्तकावर शिंपडायच्या पाकळ्यांचं भांडं क्रिसान्तो न्हाव्याच्या हातात दिलं. त्याने ते माझ्या कादंबरीवर एकदम पालथं केलं आणि सवयीने वरून फुंकर मारली. पुस्तकाला धर्ममाता मिळायची ती ऐनवेळी धर्मपिता मिळाला, तोही न्हावी. चालायचंच. माझ्या योलेइदाला तुम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलंत, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. त्या दिवसापासून मी तुमचा कोम्पाद्रे आणि तुम्ही माझ्या कोमाद्रे. पोरीच्या बारशाने जुळलेलं नातं पुस्तकाच्या बारशाने दुसऱ्यांदा पक्कं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. निमंत्रणपत्रिकेवर तुमचं नाव न विचारता छापलं, हे खरं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.

पुस्तकाच्या पाठीवर छापलेल्या तुमच्या त्या ओळीबद्दल राग धरला असेल, तर एवढंच सांगतो: चाळीस वर्षं तारा पाठवणाऱ्या माणसाला लांब वाक्य बघवत नाही. शब्द छाटायची सवय हाताला लागलेली असते.

वाचनखोलीची काळजी करू नका. किल्ली तुम्ही बेकरीत ओब्दुलियाकडे ठेवून गेलात. त्या बिचारीने पाव भाजायचे की पुस्तकं द्यायची? मी किल्ली मागून घेतली. द्यायला तयार नव्हती. "बाईंनी सांगितलंय, कुणालाही द्यायची नाही," म्हणाली. मी म्हटलं, "मी काय कुणीही आहे? कोम्पाद्रे आहे मी त्यांचा." मग दिली. आता रोज नऊ ते चार मी तिथे बसतो.

तुमचा कोम्पाद्रे,
निकानोर बेलांद्रिया


सान रोके, २५ सप्टेंबर

कोमाद्रे,

पत्राला उत्तर नाही. टपाल मंद आहे, दुसरं काय. आमच्या तारेच्या काळात असं नव्हतं.

वाचनखोलीत तुम्ही आलात तर ओळखणार नाही. दारासमोरचं ते टेबल, ज्यावर तुम्ही 'या आठवड्यात' असं लिहून एकच पुस्तक उभं करत होता, तिथे आता माझ्या 'धुक्यातली सात घराणी'च्या चौदा प्रती मनोऱ्यासारख्या रचल्या आहेत. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात मी खुणेची एक पट्टी घातली आहे: 'हे संपलं? आता आपल्या गावच्या लेखकाचं घ्या.' सगळ्या पट्ट्या हाताने कापल्या. अंगठ्याला फोड आला.

लोक आता रेंगाळत नाहीत. पूर्वी कशी ती खिडकीतल्या बाकावर तासतासभर पडून असायची! आता येतात, मनोरा बघतात, घड्याळ बघतात आणि जातात. शिस्त आली म्हणायची.

पुस्तक घराघरांत पोचलं आहे. एकशे अठरा प्रती गेल्या. त्यात माझी एक युक्ती आहे, ती तुमच्याजवळ म्हणून सांगतो. आधी विचारायचं नाही. नाव घालून सही करायची, 'प्रिय अमुक यांना, स्नेहपूर्वक', आणि मग हातात द्यायचं. स्वतःचं नाव लिहिलेलं पुस्तक कोण परत करणार? रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर मी टोपली घेऊन उभा असतो. हल्ली बरेच लोक बाजूच्या दाराने बाहेर पडतात. पाद्रीबाबांना विचारलं तर म्हणाले, "मोठ्या दाराशी वारा फार लागतो."

भेटेल त्याला मी विचारतो, "कितव्या पानावर आलात?" आणि आकडा वहीत टिपतो. क्रिसान्तो दोनशे बारावर आहे. ओब्दुलिया एकशे नव्वद. पोस्टातली ती जाडी तर तीनशे एकवर! एका महिन्यात हे काही कमी नाही.

बिचारे म्हातारे अबुंदियो गेले, कळलं असेल. दफनाच्या वेळी मी दोन शब्द बोललो. योलेइदा मेरीदाहून आली होती. घरी आल्यावर ताटावर बसत नाही तोच सुरू झाली.

"पप्पा, दोन शब्द नव्हते ते. नववं प्रकरण होतं. अख्खं."

"त्यात म्हाताऱ्याच्या मरणाचं वर्णन आहे. प्रसंगाला धरून होतं."

"शवपेटी दोरावर लोंबकळत होती, पप्पा! दोर धरणाऱ्यांचे हात सोलून निघाले. आणि शेवटी तुम्ही काय म्हणालात? 'पुढे काय होतं ते वाचनखोलीत मिळेल'?"

पोरीला माझं कौतुक कधी नव्हतंच. घर की मुर्गी दाल बराबर.

एक कागद आलाय वाचनालय खात्याकडून, तुमच्या नावाचा. मी फोडला. खेड्यापाड्यातल्या वाचनखोल्यांची मोजणी आहे. दोन डिसेंबरला त्यांचा माणूस नऊ ते चार खोलीत बसणार. वाचकाने स्वतः यायचं, कार्ड दाखवायचं, पुस्तक घेऊन जायचं. असे साठ झाले तर खोली राहील. नाही झाले तर पुस्तकं शहरात जाणार आणि खोलीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं कोठार होणार. आपल्या वहीत एकशे त्रेचाळीस नावं आहेत. साठ म्हणजे चणेफुटाणे.

निकानोर


सान रोके, १६ ऑक्टोबर

कोमाद्रे,

या आठवड्यात दोन जण आले. एक पत्ता विचारायला.

मागच्या पत्रात तुम्हाला सगळं ठीक आहे असं लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. लोक येत नाहीत. मी आधी म्हटलं बटाट्याची काढणी असेल. मग म्हटलं थंडी असेल. काल क्रिसान्तोकडे दाढीला गेलो. दुकानात चार जण वाट बघत होते. मी आत पाऊल टाकलं आणि चौघांनाही एकदम कामं आठवली. क्रिसान्तोच्या हातात वस्तरा होता म्हणून तो राहिला.

"कितव्या पानावर आलास?" मी विचारलं.

"दोनशे बारा, तारमास्तर."

"मागच्या महिन्यातही दोनशे बाराच होतं."

"पान मोठं आहे हो ते." मग त्याने वस्तरा पुसला आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "एक सांगू? रागावणार नसाल तर. मी पुस्तकं घ्यायचो ती बाईंच्या शब्दावर. तीस वर्षांत बाईंनी मला अकराच पुस्तकं 'घेच' म्हणून दिली. अकराच्या अकरा मी दोनदा वाचली. तुमच्या पुस्तकाच्या पाठीवर बाईंचं नाव बघितलं, म्हणून ते मी पहिल्याच दिवशी घेतलं. आणि मग बारशाला बाई जे बोलल्या ते ऐकलं. आता मला सांगा, उद्या कुठल्याही पुस्तकावर बाईंचं नाव दिसलं, तर मी काय समजायचं?"

मी अर्धी दाढी करून उठलो. तसाच घरी आलो.

तुम्हाला चक्कर आली नव्हती, कोमाद्रे. मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे, सभागृहात दोनशे माणसं होती. तुम्ही पाकळ्यांचं भांडं हातात घेतलंत, पुस्तक उचललंत, उलटं केलंत आणि पाठीवरची ओळ वाचलीत: 'मला हे खाली ठेवता आलं नाही. — दोमितिला उस्कातेगी.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही टाळ्या संपू दिल्यात. मग शाळेत शुद्धलेखन सांगायचा तो तुमचा आवाज लावलात आणि म्हणालात, "कोम्पाद्रेंनी माझं वाक्य अर्धंच छापलंय. पूर्ण असं होतं: मला हे खाली ठेवता आलं नाही, कारण तुम्ही तीन तास समोर खुर्ची टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसला होता."

हसले सगळे. मीही हसलो. वाटलं थट्टा आहे. पण तुम्ही हसत नव्हता. तुम्ही भांडं टेबलावर ठेवलंत आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने गेलात.

ते वाक्य लिहिलेली तुमची चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. मी 'कारण'च्या आधी कात्री लावली. तारेत करतात तसं नव्हतं ते. तारेत अर्थ राखून शब्द छाटतात. चाळीस वर्षांत मी एकाही तारेचा अर्थ बदलला नाही. मेलेल्याला जिवंत केलं नाही. हे एकच वाक्य बदललं, ते स्वतःसाठी.

हे लिहायला मला सात आठवडे लागले. आता तरी दोन ओळी पाठवा. मोजणीला सत्तेचाळीस दिवस आहेत आणि मला भीती वाटायला लागली आहे.

निकानोर


सान रोके, ६ नोव्हेंबर

कोमाद्रे,

तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असेल तर सांगू नका. मला सहन होणार नाही.

मंगळवारी मी बेकरीकडे चाललो होतो. समोरून क्रिसान्तो पावाची पिशवी छातीशी धरून येत होता. मला बघून दुसऱ्या फुटपाथवर गेला. त्याची आता मला सवय आहे. पण पिशवीकडे माझं लक्ष गेलं. पिशवीला कोपरे होते. पावाला कधी कोपरे असतात का?

आत गेलो. ओब्दुलिया गल्ल्यामागे नव्हती. पडद्यामागून बोलणं ऐकू आलं. पोस्टातली जाडी विचारत होती, "ते तीन गोड पाव परत आले का? मी महिनाभर थांबलेय." ओब्दुलिया म्हणाली, "उद्या येतील. तोवर दोन साधे घेऊन जा, झकास आहेत, शेवटी रडू येतं."

मी पडदा बाजूला केला.

पिठाच्या पोत्यांमागे फळी ठोकली आहे. तिच्यावर सत्तरेक पुस्तकं. तुमच्या वेळी लोकांनी घरी नेलेली आणि मग मला परत न केलेली, शिवाय प्रत्येकाच्या घरची चार-दोन. ऑर्डरच्या वहीत सगळी नोंद: जाड कादंबरी म्हणजे गोड पाव, बारीक पुस्तक म्हणजे साधा. वहीत ब्याण्णव नावं होती, कोमाद्रे. मी वाचनखोलीत रिकाम्या बाकासमोर बसलो होतो तेव्हा माझ्यापासून दोनशे पावलांवर अख्खं गाव वाचत होतं. माझ्यापासून लपून.

मी फार वाईट बोललो. काय ते लिहीत नाही. जाडी पळाली. ओब्दुलियाने कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात पुसले आणि म्हणाली, "झालं का बोलून? आता माझं ऐका. तारमास्तर, तुम्ही माणूस वाईट नाही. माझा नवरा गेला तेव्हा त्याच्या भावाला तार तुम्ही फुकट पाठवलीत, मी विसरले नाही. पण तुमच्यासमोर कुठलंही पुस्तक उघडलं तरी त्यातून तुम्हीच बाहेर येता. मला वाचायला बसलं की कुणीही नको असतं. तुम्ही नको, बाईसुद्धा नकोत. तेवढाच एक तास असतो माझा."

"आणि माझं पुस्तक? एकशे नव्वद पानं वाचलीस ना तू?"

मी फळीवर शोधलं. तिथे नव्हतं. तराजूचं एक पारडं वर राहायचं, त्याच्या खाली सापडलं. 'प्रिय ओब्दुलियाला, स्नेहपूर्वक.' रागाने उघडलं, म्हटलं दाखवतो हिला एकशे नव्वदावं पान.

एकशे नव्वदावं पान उलटं होतं. एकशे सत्याहत्तरपासून एकशे ब्याण्णवपर्यंत सोळा पानं छापखान्यात उलटी शिवली गेली आहेत, डोकं खाली पाय वर. घरी येऊन मी उरलेल्या प्रती तपासल्या. सगळ्या तशाच. एकशे अठरा घरांत पुस्तक गेलं, दहा आठवडे झाले, दोनशे बारा आणि तीनशे एक पानांचे हिशेब मी वहीत टिपले, आणि एकही माणूस मला म्हणाला नाही, की तारमास्तर, तुमची पानं उलटी आहेत.

मी तरी कुठे पाहिलं होतं! सही पहिल्याच पानावर करतात.

निकानोर


सान रोके, १७ नोव्हेंबर

दोमितिलाबाई,

कार्ड मिळालं. अकरा आठवड्यांनी तुमच्या अक्षरातल्या चार ओळी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मस्तक फिरलं. तिसऱ्यांदा इथे उतरवून घेतो, म्हणजे नंतर तुम्ही 'मी असं म्हणाले नव्हते' म्हणायला नको. छाटाछाट नाही, अख्खंच:

'कोम्पाद्रे, मोजणीला मी येते. किल्ली ओब्दुलियाला परत द्या. दोन तारखेला नऊपासून चारपर्यंत तुम्ही घराबाहेर पडू नका, दार उघडू नका, कुणासाठीही नाही. आणि त्या दिवशी पुस्तकाबद्दल एक शब्द नको.'

म्हणजे माझ्याच घरात मी कोंडून घ्यायचं? महारोग झालाय का मला? गावाला त्या दिवशी एकेक माणूस हवा आहे आणि तुम्ही एक कमी करता? बेचाळीस वर्षं झाली मला लिहायला लागून. तारेच्या टकटकीत, दोन तारांच्या मधल्या वेळात, पावत्यांच्या मागे लिहिली मी ती कादंबरी. माझ्या बायकोने पहिली शंभर पानं हाताने उतरवून काढली आणि पुढे तिला जगायला सवड मिळाली नाही. हे कुणाला सांगायचं नाही का? कुणीतरी वाचावं असं वाटणं हा गुन्हा आहे का?

चोर सोडून संन्याशाला फाशी. पाव म्हणून पुस्तकं चोरून वाचणारे सगळे साव, आणि मी तेवढा कडीकुलपात.

मी ऐकणार नाही. मोजणीच्या दिवशी मी खोलीच्या दारात उभा राहून लोकांचं स्वागत करणार. शक्य झालं तर सगळ्यांना गरम पेय देणार.

निकानोर बेलांद्रिया, कादंबरीकार


सान रोके, २८ नोव्हेंबर

कोमाद्रे,

मागचं पत्र फाडून टाका.

मी शनिवारी घरोघर गेलो. टोपली नेली नाही, शपथेवर सांगतो, पुस्तकाची एकही प्रत जवळ नव्हती. म्हटलं लोकांना एवढंच सांगावं, की दोन तारखेला या, नाहीतर खोली जाईल. पहिल्या घरात रेडिओ चालू होता. मी दार वाजवलं. रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही. दुसऱ्या घरात पोरांचा दंगा चालू होता, तोही बंद झाला. कुणीतरी त्यांची तोंडं दाबली असणार. अकरा घरं झाली. अकरा दारांच्या पलीकडे माणसं श्वास रोखून उभी होती, मी निघून जायची वाट बघत.

बाराव्या घरी अबुंदियोंच्या विधवेने दार उघडलं. ती बहिरी आहे, तिला माझी पावलं ऐकू आली नसावीत. चारच बोटं फट ठेवली.

"पुस्तकाचं आहे का?"

"नाही," मी ओरडून सांगितलं. "वाचनखोलीचं."

"तेच ते," ती म्हणाली. आणि दार लावलं, अगदी हळूच. तो हळूपणा मला लागला. दफनाच्या दिवशी तिने मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं, हे तेव्हा आठवलं.

परतीच्या वाटेवर मी बेकरीत गेलो, किल्ली गल्ल्यावर ठेवली. मनोरा उतरवला आहे, पट्ट्या काढल्या आहेत. अडीचशेच्या वर होत्या. एखादी राहिली असेल तर माफ करा. ओब्दुलियाने विचारलं, "आणि दोन तारखेला?" मी म्हटलं, "दोन तारखेला मी नाहीच." तिने मला एक गोड पाव दिला. खरा. पिशवी चाचपून पाहिली मी.

दार उघडणार नाही. कुणासाठीही नाही. तुमच्या अटी मान्य.

निकानोर


सान रोके, २ डिसेंबर, दुपारी तीन

कोमाद्रे,

तुम्ही इथून दहा पावलांवर आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहितोय. खिडकीच्या लाकडी पट्ट्यांमधून बोटभर उजेड येतो, तेवढ्यात. सकाळी बसमधून उतरताना पाहिलं तुम्हाला. वाळल्या आहात. माझ्या खिडकीवरून गेलात तेव्हा मान वळवली नाहीत. बरं केलंत, वळवली असती तर मी हाक मारली असती.

नऊपासून मोजतोय. खात्याचा माणूस फार सावकाश काम करतो; कार्ड बघतो, ओळखपत्र बघतो, शिक्का मारतो, बहुतेक शिक्क्यावर फुंकरही मारत असेल. म्हणून रांग दाराबाहेर आली आणि अकरापासून ती थेट माझ्या खिडकीखाली आहे. माणसं दिसत नाहीत, बूट दिसतात आणि बोलणं ऐकू येतं. कोण काय वाचतंय यावर वाद चाललेत. क्रिसान्तो आणि जाडी एका शेवटावरून इतके भांडले, की मला मध्ये पडून विचारावंसं वाटलं: अरे, कुठलं पुस्तक? ओठ चावून बसलो. आपलं गाव असं बोलतं, हे मी दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर ते असं बोलतच नाहीत.

एक वाजता तिसावर होतं. मग जेवणाच्या वेळेला रांग तुटली. पाऊण तास एकही बूट नाही. मी देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. मग पुन्हा सुरू झाली. अबुंदियोंची विधवा आली, तिच्या काठीवरून ओळखलं. पाद्रीबाबा आले. साडेतीनला त्रेपन्न आत जाऊन आले होते आणि खिडकीखाली आठ किंवा नऊ उभे होते. नक्की कळत नाही, एकजण सारखा पाय बदलतो.

आता तीन चाळीस. मधल्या वेळात जे झालं ते लिहून टाकतो, कारण तुमच्या कानावर येईलच आणि मला ते माझ्याकडून यायला हवं आहे.

दारावर थाप पडली. बाईचा आवाज, तरुण, इथला नव्हे.

"नमस्कार! कुणी आहे का? मी खात्याच्या साहेबांबरोबर आले आहे, मेरीदाहून."

मी हललो नाही. खिडकीखालचं बोलणं थांबलं. एकदम, सगळ्यांचंच.

"या गल्लीत एक लेखक राहतात असं कळलं. मला परतीच्या बसमध्ये वाचायला काहीतरी हवं होतं. त्यांची एक प्रत मिळाली तर बरं होईल. मला अशी गावाकडची पुस्तकं आवडतात."

कोमाद्रे, बेचाळीस वर्षांत कुणी आपण होऊन मागितलेलं हे पहिलं पुस्तक. मी टोपली पुढे केली नव्हती. मी सही केली नव्हती. ती आपल्या पायांनी आली होती. उरलेल्या प्रती माझ्या मागे भिंतीशी होत्या, हात लांबवला तरी पुरे. मी दारापाशी गेलो. माझा हात कडीवर होता, हे तुम्हाला कळायला हवं. कडी मी अर्धी वर उचललीही होती.

पट्ट्यांतून मी खाली बघितलं. बूट वळले होते. आठच्या आठ, नऊच्या नऊ, सगळ्यांची टोकं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. दार उघडायची वाट बघत होते ते, पळायला.

"इथे लेखक कुणी राहत नाही," मी म्हणालो. आवाज माझाच होता का, शंका आहे.

"पण दारावर पाटी आहे हो. निकानोर बेलांद्रिया, कादंबरीकार."

ती पाटी काढायची राहिली होती.

"जुनी आहे ती," मी म्हणालो. "तो माणूस गेला इथून."

"अरेरे. कधी?"

"आत्ताच."

तिची पावलं लांब गेली. खिडकीखाली कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मग एक बूट परत वळला, खोलीच्या दिशेने. मग दुसरा.

चौपन्नावा आत गेला. आता पंचावन्नावा.

निकानोर